बैल जाण्याआधी झोपा: गावातील आरोग्य-प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा कसा मागावा

२०२३ सालचा निज श्रावण. पावसाने ओढ दिली होती आणि ऐन फुलोऱ्यातले सोयाबीन माना टाकू लागले होते. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची. आमच्या चुलत जाऊबाईंचा थोरला मुलगा रात्री अकराच्या सुमारास स्प्रिंकलरचे पाइप बदलायला रानात गेला. पायात साधी चप्पल, हातातल्या बॅटरीचा उजेड मंद. बांधावरच्या गवतात त्याला घोणस चावली.

त्यानंतर धावपळ पुष्कळ झाली, पण ती सगळी उलट्या दिशेने. कोणी गुडघ्यावर सुतळी करकचून आवळली. कोणी ब्लेडने चीर पाडली. मोटारसायकलवर मधे बसवून त्याला शेजारच्या गावी मांत्रिकाकडे नेले. तिथे दोन-अडीच तास गेले. पाय सुजून काळानिळा पडला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. तिथून जिल्ह्याला पाठवले. मूत्रपिंडे निकामी झाली आणि तिसऱ्या दिवशी बावीस वर्षांचे पोर गेले.

मायेत कोणी कमी पडले नव्हते. नेमके काय करावे, हे मात्र आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

पुढे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळते असे समजले. सारी भावकी कामाला लागली. सातबारा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाची कागदपत्रे असे सगळे गोळा करून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रकरण गेले आणि यथावकाश दोन लाख रुपये खात्यावर जमा झाले. त्या दिवशी जाऊबाई पासबुक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बचत गटाचे इतिवृत्त मी लिहिते, म्हणून कागद वाचायला त्या माझ्याकडेच येतात. बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "अगं, पोरगा गेल्यावर सरकारनं दोन लाख दिले. पोरगा जाऊ नये म्हणून काय करायचं, ते शिकवायला सरकारकडं दोन-चार हजार नव्हते का?"

मला उत्तर देता आले नाही. ते पैसे होते, हे मला पुढे वर्षभर हेलपाटे घातल्यावर कळले. आमच्याच गावाच्या नावावर, आमच्याच तालुक्याच्या बँकेत होते. ते मागायला कोणी गेले नव्हते, एवढेच.

आपल्याकडे बैल गेल्यावर झोपा बांधण्याची रीत जुनी आहे. झोपा आधी कसा बांधता येतो, त्याला पैसा कुठला आणि तो मागावा कसा, हे आमच्या अनुभवावरून सांगावे म्हणून हा लेख.

पैसा कोठे आहे?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. आशाताई आपल्या गावात आल्या त्या याच अभियानातून. त्याच अभियानात गावोगाव एक समिती नेमण्यात आली. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असे तिचे नाव. काही ठिकाणी त्यात 'पाणीपुरवठा' हा शब्दही जोडलेला दिसेल. ग्रामपंचायतीचे लोकप्रतिनिधी, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला अशी मंडळी या समितीत असतात. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीत निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि बैठक दरमहा व्हावी.

या समितीला अबंधित निधी म्हणून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायची हे वरून ठरवून न दिलेली. गावाच्या सामुदायिक आरोग्याचे काम असावे, एकट्या-दुकट्याच्या फायद्याचे नसावे, आणि ज्या कामाला दुसऱ्या खात्याचा पैसा आहे त्यावर तो शक्यतो खर्च करू नये, अशी अपेक्षा असते. आरोग्याचे शिक्षण यात चपखल बसते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. गेल्या वर्षीचा पैसा शिल्लक राहिला, तर पुढच्या वर्षी तेवढी रक्कम कमी येते. म्हणजे न वापरून बचत होत नाही, आपलाच वाटा आटतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ग्रामपंचायत. तिने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा दंडक आहे. वित्त आयोगाचा निधी येतो तो निराळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात गावांना मिळालेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि ४० टक्के भाग गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा होता. पण हा पैसा खर्च व्हायचा तर ते काम गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेले असावे लागते. आराखड्यात नाव नाही, तर पैसा असूनही हात लावता येत नाही.

तिसरे ठिकाण जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती. मुली व महिलांच्या प्रशिक्षणासाठी तिच्याकडे योजना असतात. त्यांची चौकशी पंचायत समितीत किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात करावी.

आणि या तिन्हींच्या आधी एक गोष्ट. शिकवणारी माणसे आपल्याला विकत घ्यावी लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका, आशाताई यांना शासन पगार किंवा मोबदला देतेच. लोकांना आरोग्याची माहिती देणे हा त्यांच्या कामाचा भाग आहे. म्हणून प्रशिक्षणाला लागणारा पैसा आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो.

पहिला अर्ज का फसला?

हे सारे आज मी सांगते आहे, पण तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत आमच्या गटाने अर्ज दिला. गटातल्या सोळा जणींच्या सह्या होत्या. मजकूर असा होता: "आमच्या गावात साप चावून माणसे दगावतात, तरी शासनाने आरोग्य प्रशिक्षण आयोजित करावे ही नम्र विनंती."

सभेत अर्ज वाचला गेला, टाळ्याही पडल्या, आणि अर्ज कुठल्याशा फायलीत जाऊन बसला. एप्रिल उजाडला तरी काही हालचाल नाही, म्हणून मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेले. (या पदाला २०२४ च्या अखेरीपासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून भाऊसाहेबच.) त्यांनी अर्ज शोधून काढला आणि मला समोर बसवून विचारले, "ताई, यात किती जणांना शिकवायचं ते लिहिलंय का? कोण शिकवणार? कधी? रुपये किती? कोणत्या खात्यातून?"

पाचही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते.

"मग मी यावर काय मंजूर करू? आणि जानेवारीत अर्ज दिलात. तोवर पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होत आलेला असतो. पेरणी झाल्यावर बियाणं मागायला आल्यासारखं झालं हे."

मला तेव्हा राग आला. पण घरी येताना वाटेत विचार केला, तर माणूस खोटे काही बोलला नव्हता. आपण दुकानात जाऊन 'काहीतरी द्या' म्हणत नाही. कोणते बियाणे, किती किलोची पिशवी, एकरी किती, हे बोलतो. सरकारदरबारी मात्र आपण दुःख सांगतो आणि मागणी सांगायची राहून जाते.

आणखी एक चूक झाली होती. अर्जाची पोच आम्ही घेतली नव्हती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतली नाही, तर अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही.

दुसऱ्या खेपेची तयारी

त्या उन्हाळ्यात आम्ही चार जणी आणि आशाताई घरोघर फिरलो. तीनच गोष्टी विचारल्या. रात्री पाणी धरायला कोण जाते? गेल्या दहा वर्षांत घरात कोणाला साप किंवा विंचू चावला का? चावल्यावर आधी कुठे नेले? वहीत नोंदी झाल्या तेव्हा आमचेच डोळे उघडले. दहा वर्षांत सर्पदंश सात. त्यांतले सरळ दवाखान्यात गेलेले दोघेच. बाकीचे आधी मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्याकडे. रात्री रानात जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पायात चप्पल.

हा प्रश्न आपल्या एका गावाचा नाही, हेही त्या निमित्ताने समजले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. अर्जात ही ओळ घातली की आपली मागणी शासनाच्याच धोरणाला धरून आहे हे दिसते आणि समोरच्या अधिकाऱ्यालाही 'हो' म्हणणे सोपे जाते.

नंतर खर्चाचा अंदाज काढायला बसलो. पहिल्या कागदावर मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, हारतुरे आणि दोन दिवसांचे जेवण असे सगळे आले आणि बेरीज गेली एकोणीस हजारांवर. आशाताई म्हणाल्या, "यात साप चावल्यावर उपयोगी पडेल असं काय आहे तेवढंच ठेवा." मंडप गेला, शाळेची खोली आली. हार गेले. जेवणाचे काय? जाऊबाई म्हणाल्या, "पिठलं-भाकरी आपण घरनं करू. पाहुण्यांना आपण उपाशी ठेवलंय का कधी?" शेवटी मागणी ५,८०० रुपयांवर आली आणि जेवणाचा खर्च लोकवाटा म्हणून आम्ही उचलला. लोकवाटा दाखवला की मागणीला वजन येते, हा आमचा अनुभव.

कोणाला शिकवायचे हेही ठरवले. रात्री पाणी धरणारे सोळा जण, गटातल्या दहा महिला आणि ज्यांच्याकडे जीप-टेंपो आहे असे चार चालक. एकूण तीस. गाडीवाल्यांना मुद्दाम घेतले, कारण वेळप्रसंगी गाडी तेच काढणार.

२ ऑक्टोबर २०२४ च्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, हे पुष्कळ बहिणींना ठाऊक नसते. त्या सभेत आम्ही ठराव मांडला, तो ग्रामसभेत वाचून मंजूर झाला आणि इतिवृत्तात उतरला. गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण ऑक्टोबरपासून हिवाळ्यात तयार होतो, म्हणून ही सभा महत्त्वाची. गणपूर्तीकडेही लक्ष ठेवावे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. नाहीतर सभा तहकूब होते.

त्यानंतर विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत महिना-दीड महिना गेला. पण डिसेंबरच्या बैठकीत आरोग्य समितीने आमचा अर्ज घेतला आणि एक पैसाही न कापता मंजूर केला. रात्रीच्या कामाची चार जोडी गमबूट आणि तीन मोठ्या बॅटऱ्या सामुदायिक वापरासाठी घ्याव्यात, हे काम आराखड्यात निराळे लिहिले गेले.

अर्जाचा नमुना

आमचा अर्ज जसा होता तसाच खाली देते. रिकाम्या जागी आपल्या गावाची माहिती भरावी.

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य सचिव,
ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती,
मौजे ……, ता. ……, जि. ……

विषय: पावसाळ्यापूर्वी सर्पदंश व प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेण्यासाठी अबंधित निधीतून रु. ५,८०० मंजूर होण्याबाबत.

महोदय,

आमच्या गावात गेल्या दहा वर्षांत सर्पदंशाच्या …… घटना घडल्या. त्यांपैकी …… व्यक्तींनाच प्रथम दवाखान्यात नेण्यात आले व …… व्यक्ती दगावल्या. घरोघर घेतलेल्या माहितीची यादी सोबत जोडली आहे.

यासाठी दि. …… व …… रोजी जिल्हा परिषद शाळेत ३० व्यक्तींचे प्रशिक्षण घेण्याचे योजले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र …… येथील वैद्यकीय अधिकारी यांनी मार्गदर्शन करण्यास संमती दिली असून त्यांचे पत्र सोबत आहे.

अंदाजे खर्च: लाकडी पट्ट्या, बँडेज व सरावाचे साहित्य रु. १,५००, तीन वस्त्यांसाठी प्रथमोपचार पेट्या, प्रत्येकी रु. ७०० प्रमाणे रु. २,१००, भिंतीवरचे तक्ते व पत्रके छपाई रु. १,२००, मार्गदर्शकांचा प्रवासखर्च रु. १,०००. एकूण रु. ५,८००. भोजनाचा खर्च ग्रामस्थ लोकवाट्यातून करतील.

प्रशिक्षण झाल्यावर १५ दिवसांच्या आत हजेरीपत्रक, पावत्या व छायाचित्रे समितीस सादर करू.

आपले विश्वासू,
(गटाचे नाव, ठराव क्रमांक, तारीख, सह्या)

प्रत: सरपंच, ग्रामपंचायत ……, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र ……

अर्ज एका पानात बसवावा. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, डॉक्टरांचे संमतिपत्र, माहितीची यादी आणि छपाई-साहित्याचे दुकानदाराकडून घेतलेले दरपत्रक जोडावे. डॉक्टरांचे पत्र आधीच घेतलेले असले की 'शिकवणार कोण' हा प्रश्नच उरत नाही.

दोन दिवसांत काय शिकलो?

प्रशिक्षण २०२५ च्या मे अखेरीस, मृगाआधी झाले. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य. दवाखान्यातले सर्पविषावरचे इंजेक्शन या चारांवर चालते. म्हणून साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. त्या खटपटीत दुसऱ्यालाच चावा बसतो.

चावल्यावर काय करावे, तर माणसाला धीर द्यावा. त्याला चालू किंवा धावू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी पट्टी लावून हात-पाय स्थिर करावा. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखाना गाठावा. करकचून बांधू नये, चिरू नये, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये, दारू किंवा झाडपाला पाजू नये.

मण्यारीची गोष्ट ऐकून तर सगळे गप्प झाले. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. लोक अपचन समजून ओवा देतात आणि वेळ हातची जाते. म्हणून खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी नुसता सराव. तिसाच्या तीस जणांनी एकमेकांच्या पायाला पट्ट्या बांधल्या. डॉक्टरसाहेब प्रत्येकाची पट्टी सोडून पाहत होते, बोट जाते की नाही. ऐकलेले विसरते, हाताने केलेले लक्षात राहते.

हिशेब चोख, तर पुढचे दार उघडे

पैसे मिळाले की काम झाले असे मानू नका. सरकारी पैशाचे काम हिशेब दिल्यावरच संपते. आम्ही एक स्वतंत्र वही केली. डाव्या पानावर मंजूर रक्कम, उजव्या पानावर खर्च आणि प्रत्येक खर्चाला पावती चिकटवलेली. तक्ते छापण्यात १४० रुपये वाचले, ते परत भरले. हजेरीपत्रकावर सह्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे. सगळे दहा दिवसांत दिले. पुढच्या बैठकीत समितीने आपणहून विचारले, "आता पुढचं प्रशिक्षण कशाचं घेताय?"

आमचा एक कटू अनुभवही सांगते. तालुक्याच्या एका गृहस्थाने मधल्या काळात "फाईल मी पास करून देतो, दहा टक्के ठेवा" असे सुचवले होते. आम्ही हात जोडले. या अर्जाला कोणतीही फी नाही, कोणाच्या चिठ्ठीचीही गरज नाही. उत्तर येत नसेल, तर आधी लेखी स्मरणपत्र द्यावे. तरीही गप्प राहिले, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांत अर्ज करून आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मोठी रक्कम हवी असेल तर

पंचवीस-तीस गावांत वर्षभर प्रशिक्षण चालवायचे, तर दहा हजारांत भागणार नाही. तिथे राज्याच्या किंवा केंद्राच्या योजनांतून अनुदान मागावे लागते आणि त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, पॅन क्रमांक, संस्थेच्या नावाचे बँक खाते, बहुतेक योजनांत मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि केंद्राच्या योजनेसाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' नोंदवहीतील क्रमांक, एवढी शिदोरी आधी बांधावी. केंद्राच्या अनुदानाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू होतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते दिले नाही तर पुढचा हप्ता अडकतो.

म्हणून माझे सांगणे असे की, पहिली उडी मोठी मारू नये. गावच्या समितीकडून पाच हजार मिळवा, नीट खर्च करा, हिशेब द्या. त्या वहीचे पहिले पानच पुढे मोठ्या अर्जाची साक्ष होते.

शिकलेली माणसे काय करू शकतात?

कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या शिकवणीने काय होते? त्यांना दोन गावांची नावे सांगावीत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या बायकांनी बाळंतपणे सुखरूप केली, पाणी शुद्ध ठेवायला शिकवले. हे काम पाहायला देशोदेशीची माणसे जामखेडला आली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केले. तिथल्या ३९ गावांत शिकवलेल्या स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तीन वर्षांत तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगासमोर आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचे वजन घेतात, ती पद्धत २०११ पासून देशभर सुरू झाली, तिचे मूळ या गावांत आहे.

या दोन्ही ठिकाणी मोठ्या इमारतींआधी माणसे शिकवली गेली, आणि तीही त्याच गावची. दोन दिवसांत आपण आरोग्यसेविका होणार नाही, हे खरे. पण आपण सुतळी आवळायची नाही आणि गाडी मांत्रिकाकडे वळवायची नाही, एवढे शिकायला दोन दिवस पुरतात.

जाऊबाईंची गोष्ट

गेल्या म्हणजे २०२५ च्या भाद्रपदात, सोयाबीन काढताना, मजुरीला आलेल्या एका बाईंच्या हाताला साप चावला. मी त्या वेळी तिथे नव्हते. तीन वावरे पलीकडे जाऊबाई होत्या. त्या तीस जणांतल्या एक.

ओरडा ऐकून त्या गेल्या. कोणीतरी डोक्याचा रुमाल काढून दंडावर आवळायला निघाले होते, त्याचा हात त्यांनी धरला. बाईंना सावलीत बसवून आधी हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या, उतरेनात त्या दगडाने फोडल्या. वस्तीवरच्या पेटीतली पट्टी आणून हात बांधला. जीपवाल्याला फोन झाला, जीपवाल्याने आरोग्य केंद्रात फोन केला. चावल्यापासून पाऊण तासाच्या आत बाई डॉक्टरांसमोर होत्या. पाचव्या दिवशी त्या चालत घरी आल्या.

त्या संध्याकाळी जाऊबाई पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मला वाटले, आज तरी समाधानाचे काही बोलतील. पण त्या एवढेच म्हणाल्या, "त्या खालच्या वस्तीवरची माणसं राहिलीत गं शिकायची. त्यांचा अर्ज कधी लिहायचा?"

तो अर्ज आम्ही लिहिला. आता बहिणींनो, भावांनो, तुमच्या गावाचा अर्ज तुम्ही लिहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने खुणा करून ठेवा. आज संध्याकाळी आशाताईंना विचारा, आपल्या समितीच्या खात्यात शिल्लक किती आणि मागची बैठक कधी झाली. वही काढा, घरोघर जा, मोजा. तुमच्या गावाची गरज सापाची नसेल. बाळंतिणीची असेल, फवारणीच्या विषबाधेची असेल, विहिरीत बुडालेल्या पोराला शुद्धीवर आणण्याची असेल. जी असेल ती नेमकी लिहा, रक्कम लिहा, पोच घ्या, आणि काम झाल्यावर पै न पैचा हिशेब द्या.